दोन ऑपरेशनं आणि एक थाप

डॉक्टरीणबाई ‘कॅन्सर’ म्हणाल्या तेव्हा मी रडले नाही. पुढचं वाक्य त्यांनी ‘तुमच्या वजनाचा विचार करता’ असं सुरू केलं, तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि माझं वजन होतं एकशे अठ्ठावीस किलो. गेली नऊ वर्षं मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात लोकांना गाडी चालवायला शिकवते. या गावात गाडी चालवता आली नाही तर माणूस घरात अडकतो, बसच्या भरवशावर दूधसुद्धा आणता येत नाही. त्यामुळे नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी माझ्या शेजारी येऊन बसतो. मी स्वतः पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले, ती राहिलेच. नवरा शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टला जातो, मुलगी तेव्हा दहावीत होती.

जानेवारीत रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेचना. पाळी जायचं वय आलं असेल म्हणून मी दोन महिने अंगावर काढलं. मग एका लेसनच्या मधेच माझ्या सीटकव्हरची जी दशा झाली, ती बघून मी त्याच दुपारी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. सोनोग्राफी झाली, बायोप्सी झाली, आणि मग आम्हाला घाट उतरून ब्रिस्बेनला पाठवलं. टूवूंबा उंचावर आहे. खाली जाणाऱ्या रस्त्याला इथे ‘द रेंज’ म्हणतात, पण आम्ही मराठी माणसं त्याला घाटच म्हणतो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेरूसारखं गर्भाशय काढलं आणि आतल्या कडेवर पेनाने एक ठिपका दिला. “इथे, फक्त अस्तरात. सुरुवातीचा आहे, हळू वाढणारा आहे. गर्भाशय काढलं की संपलं.”

“मग काढा,” नवरा म्हणाला. “उद्या काढा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हे ऑपरेशन दुर्बिणीने करायचं तर पोटात गॅस भरतात आणि डोकं खाली, पाय वर असं दोन-तीन तास झोपवतात. माझ्या वजनाला त्या स्थितीत फुप्फुसांवर इतका दाब येईल, की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझे रिपोर्ट बघून नकारार्थी मान हलवली होती. तशीही मी सपाट झोपू शकत नव्हते, दोन उशा लागायच्या आणि झोपेत श्वास अडकायचा. शिवाय चरबीतून एक हार्मोन तयार होतं आणि ते याच अस्तराला खतपाणी घालतं, हेही त्यांनी सांगितलं. अगदी हळुवार सांगितलं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की हे तू स्वतःच खाऊन ओढवून घेतलंस.

मी टिश्यूचा अर्धा डबा संपवला, तोवर त्यांनी एका वहीत तारखा लिहिल्या. मग म्हणाल्या, “आता प्लॅन सांगते.”

आणि प्लॅन होता! गर्भाशयात हार्मोनची एक छोटी कॉइल बसवायची, ती कॅन्सरला जागच्या जागी दाबून धरेल. दर तीन महिन्यांनी बायोप्सी करून लक्ष ठेवायचं. आणि तेवढ्या वेळात माझं वजन उतरवायचं, शक्य तितक्या लवकर. त्यासाठी दुसऱ्या सर्जनकडून जठराचा मोठा भाग काढून टाकायचा. वजन उतरलं की मग गर्भाशय काढायचं.

“म्हणजे कॅन्सर आत असताना आधी पोट लहान करायचं?” नवऱ्याने तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी न कंटाळता ‘हो’ म्हटलं.

परत येताना गाडी मीच चालवली. घाट चढायला लागलो तेव्हा पुढे एक जनावरांचा ट्रक गुरगुरत चालला होता, नवरा खिडकीबाहेर बघत होता, आणि माझ्या लक्षात आलं, की माझी छाती धडधडतेय पण भीतीने नाही. आयुष्यभर मला प्रत्येकाने ‘जरा कमी खात जा’ एवढंच सांगितलं होतं. शाळेतल्या पीटीच्या बाईंपासून सासूबाईंपर्यंत. पहिल्यांदा कोणीतरी वहीत तारखा लिहून दिल्या होत्या.

“मला जमेल हे,” मी म्हटलं.

“काय?”

“सगळं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मला तापात भ्रम झालाय.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, पण त्या दिवशी तिने मराठी काढलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. “तू मरणार नाहीयेस ना?” मी म्हटलं, नाही. मग ती पुन्हा इंग्रजीवर गेली, “ओके. सो टू सर्जरीज अँड अ थिंगी,” आणि फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवून आली. खाली आठवडे, बाजूला किलो.

टूवूंबात मराठी घरं वीसेक असतील. नवऱ्याने कॅन्सरचं एका मित्राला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते वीसच्या वीस घरी पोचलं. पण पोटाच्या ऑपरेशनबद्दल मी त्याला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. का, ते त्याने विचारलं. मला तेव्हा धड सांगता आलं नाही.

एप्रिलमध्ये कॉइल बसवली. जूनमध्ये, इथल्या कडाक्याच्या थंडीत, दुसरं ऑपरेशन ठरलं. त्याआधीचे दोन आठवडे फक्त पावडर पाण्यात ढवळून प्यायची, यकृत आक्रसावं म्हणून. व्हॅनिला म्हणून लिहिलेलं ते पेय मला खडू भिजवलेल्या पाण्यासारखं लागायचं. त्या दोन आठवड्यांत मी स्वप्नात साबुदाण्याची खिचडी, मिसळ आणि कोल्हापूरच्या रस्त्यावर वीस वर्षांपूर्वी खाल्लेलं एक वांग्याचं भरीत असं क्रमाने जेवले. पण एकही थेंब इकडचा तिकडे केला नाही. पंधराव्या दिवशी काट्याने एकशे एकवीस दाखवलं आणि मुलीने फ्रिजसमोर उडी मारली.

ऑपरेशनच्या टेबलाजवळ सर्जन आले. त्यांच्या टोपीवर केळ्यांची चित्रं होती. “आता तुमचं जठर किती होणार माहितीये?” त्यांनी टोपीवरच्या एका केळ्यावर बोट ठेवलं. मी हसत हसतच झोपी गेले.

जागी झाले तेव्हा पोटावर पाच छोट्या चिकटपट्ट्या होत्या आणि पलंगाशेजारच्या टेबलावर औषधाच्या बाटलीचं झाकण असतं तेवढा एक कप. तेवढं पाणी पाव तासात प्यायचं, आणि त्याच संध्याकाळी उठून चालायचं. सलाइनचा स्टँड ढकलत मी वॉर्डच्या टोकापर्यंत गेले. नर्स म्हणाली, “गुड ऑन यू, डार्लिंग.” म्हणून मी आणखी एकदा गेले.

पहिल्या आठवड्यात पाच किलो उतरले! मी काट्यावरून उतरून परत चढले, मग काटा उचलून स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवून पाहिला. पाचच. बाथरूममध्ये एकटीच नाचावंसं वाटलं पण टाके होते.

आणि मग डबे यायला लागले.

कॅन्सर म्हटल्यावर इथल्या बायका स्वस्थ कशा बसतील? कोणी साजूक तुपातला शिरा आणला, कोणी डिंकाचे लाडू, कोणी मुगाची खिचडी आणि कढी. मी समोर बसून दोन चमचे खायची आणि तिसऱ्याला नको म्हणायची, कारण तिसरा चमचा आत जाऊच शकत नव्हता. त्या एकमेकींकडे बघायच्या. मी नको म्हटलं की पुढच्या वेळी डबा मोठा यायचा. नवरा आणि मुलगी ते संपवता संपवता जाड व्हायला लागले.

या सगळ्यांत जिचा डबा सगळ्यात मोठा, त्या काकू. वय एकसष्ट, चिंचवडच्या. काका गेल्यावर मुलाने त्यांना कायमचं इकडे आणलं होतं. मुलगा-सून दोघं शिफ्टला, काकू दिवसभर घरात. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या होत्या, “मी तीस वर्षं मोपेड चालवलीय. मला गाडी शिकव, नाहीतर मी या घरात लोणचं होऊन जाईन.” हात चांगला होता त्यांचा. भीती फक्त राउंडअबाउटची, म्हणजे सिग्नल नसलेल्या गोल चौकाची. राउंडअबाउट आला की त्या थांबायच्या आणि क्षितिजापर्यंत एकही गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबूनच राहायच्या. मागे हॉर्न वाजले की म्हणायच्या, “वाजवू दे. माझ्या जिवाचा प्रश्न आहे.”

जुलैच्या शेवटी मी पुन्हा लेसन घ्यायला लागले. एका सकाळी काकू चालवत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कान बंद झाले, हात गार पडले. आदल्या दोन दिवसांत मी पाणी फार कमी प्यायले होते. एवढ्याशा पोटात पाणी घोट घोट करून दिवसभर भरत राहावं लागतं, आणि लेसनच्या गडबडीत मी विसरत होते.

“काकू, गाडी बाजूला घ्या,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “बाजूला कशाला? हॉस्पिटल तिथे दिसतंय.”

“मध्ये दोन राउंडअबाउट आहेत.”

“असू देत. तू डोळे मिटून बस.”

खरं तर थांबून अँब्युलन्स बोलवायला हवी होती, हे मी आज माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. पण काकू निघाल्याच होत्या. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता, आणि मला तो एकदाही दाबावा लागला नाही. पहिला राउंडअबाउट त्यांनी उजवीकडे बघून, वेग कमी करून, बरोबर जागा साधून पार केला. दुसऱ्यात एक यूट, म्हणजे इथली पिकअप गाडी, मध्येच घुसायला बघत होती, तिला त्यांनी असा हॉर्न मारला की ती जागच्या जागी थबकली. मला अर्धवट शुद्धीतही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

इमर्जन्सीत सलाइन लावलं. नर्सला मी खरं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, पाण्याची बाटली गळ्यात बांध हवं तर, पण घोट चुकवू नकोस. दोन तासांनी मी बाहेर आले तर काकू खुर्चीवर पर्स उराशी धरून ओठ हलवत काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “केमो झेपत नाहीये ना बाळा?”

मला केमो नव्हतीच. माझ्या कॅन्सरला ती लागणारच नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर हे चक्कर येणं कशाचं, हे जेवण न जाणं कशाचं, हे उतरलेलं अंग कशाचं, सगळं सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, “हो.”

एवढीच थाप. एका अक्षराची.

ऑगस्टमध्ये केस गळायला लागले. वजन झपाट्याने उतरलं की गळतात, पुन्हा येतात, हे मला सर्जनने आधीच सांगून ठेवलं होतं. पण मराठी मंडळींना पुरावाच मिळाला. मी एखाद्या घरी गेले की आतली कुजबुज थांबायची. एका मैत्रिणीने मला मऊ कापडाच्या तीन टोप्या शिवून दिल्या. आणि इकडे मी मनातून उडत होते! तीन महिन्यांची बायोप्सी झाली, तिच्यात कॅन्सरच्या पेशी होत्या पण पहिल्यापेक्षा कमी. मी एका उशीवर झोपायला लागले. बुटाची नाडी श्वास न रोखता बांधली. एकदा सुपरमार्केटमध्ये काचेत एक बाई दिसली, तिच्या खांद्याची हाडं दिसत होती, आणि ती मीच निघाले. हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं, आणि सांगायला घरातली दोन माणसं सोडली तर कोणी नव्हतं. समोरचे माझ्या खांद्यांकडे बघून डोळे पुसत होते.

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले. नव्व्याण्णव पॉइंट चार.

दोन आकडी! मुलगी पोटात असल्यापासून माझं वजन दोन आकड्यांत आलं नव्हतं. मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत घरभर धावले. नवऱ्याने मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पण प्रयत्न केला हेच केवढं! मग मी कपाटाच्या तळातून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं निळं ब्लाउज काढलं. हुक लागले. सगळे.

त्या ब्लाउजमध्ये मी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये शिरले, आणि हॉल एकदम शांत झाला.

फराळाची टेबलं मांडली होती, पण कोणी हात लावला नव्हता. मधे सतरंज्या, समोर समई, आणि माइकपाशी आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला. “फराळाच्या आधी आज आपण सगळे मिळून एकशे आठ वेळा महामृत्युंजयाचा जप करणार आहोत. आपल्या एका भगिनीसाठी. जी अत्यंत धीराने...” त्यांचा आवाज फाटला.  पहिल्या रांगेत काकू हात जोडून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. लहान मुलांनासुद्धा शेव खायची नाही म्हणून दटावून बसवलं होतं.

मला काय झालं कोण जाणे. मी ओरडले, “थांबा! मी मरत नाहीये! मी आज सकाळी नव्व्याण्णव किलोची झालेय!”

कोणालाच काही कळलं नाही. नवरा माझ्यामागे दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, माइकशिवाय. कॅन्सर खरा आहे, पण केमो नाही. जठर कापून लहान केलंय. जेवण जात नाही ते म्हणून, केस गळतात ते म्हणून. वजन मी उतरवतेय, मुद्दाम, कारण ते उतरलं की गर्भाशयाचं ऑपरेशन सुखरूप होईल. आणि मला खूप आनंद झालाय, आणि तो कोणाला सांगता येत नव्हता म्हणून मी वेडी व्हायची वेळ आली होती.

टोप्या शिवून देणारी मैत्रीण म्हणाली, “म्हणजे तू बरी आहेस?”

“बरी होतेय.”

“आणि मी तुला डिंकाचे लाडू खाऊ घालत होते?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. ज्येष्ठ गृहस्थांनी माइकमध्ये विचारलं, “मग जप करायचा की नाही?” त्यावर सगळा हॉल हसला आणि मागून एक जण म्हणाला, “कॅन्सर तर आहेच ना, करूया की!” शेवटी अकरा वेळा करायचा असं ठरलं, कारण मुलं शेवेपाशी पोचली होती.

फक्त काकू हसल्या नाहीत. त्या उठून माझ्यासमोर आल्या. “मी तीन महिने चहा सोडलाय,” त्या म्हणाल्या. “तुझी केमो संपेपर्यंत घेणार नाही म्हणून.” आणि चप्पल घालून बाहेर निघून गेल्या. त्यांचा मुलगा गाडीची किल्ली शोधत मागे पळाला.

नऊ दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. त्या नऊ दिवसांत माझी सहा महिन्यांची बायोप्सी झाली आणि रिपोर्टसाठी ब्रिस्बेनहून बोलावणं आलं. त्या सकाळी नवऱ्याला सणकून ताप भरला आणि मुलीची परीक्षा होती. मी स्वतः चालवत जाणार होते, पण किल्ली दोनदा खाली पडली. मी ड्राइव्हवेमध्ये बसून होते आणि समोरच्या फुटपाथवरून काकू चालत येताना दिसल्या. हातात त्यांची ती पिवळी ‘एल’ची पाटी.

“आज मंगळवार. माझं लेसन असतं,” त्या म्हणाल्या.

“काकू, आज मला ब्रिस्बेनला...”

“माहितीये. तुझ्या नवऱ्याने सांगितलं. सरक तिकडे.”

“तुम्ही हायवेला कधी चालवली नाहीये.”

“तूच म्हणतेस ना, घाट उतरल्याशिवाय शिकणं पुरं होत नाही?”

सीटबेल्ट लावल्यावर आणि गाडी हलल्यावर मी सावरले. कामाला लागले की माझं डोकं ठिकाणावर येतं. घाटाच्या तोंडाशी मी म्हटलं, खालच्या गिअरला टाका, ब्रेक सतत दाबून ठेवू नका, गाडीला तिचं तिचं उतरू द्या. डाव्या बाजूला ट्रकची रांग, त्यांच्या ब्रेकचा वास, खाली पार दरीपर्यंत पसरलेलं निळसर धुकं. काकूंनी स्टिअरिंग असं धरलं होतं जसं काही ते पळून जाणार आहे. एका वळणावर एक भलामोठा ट्रक शेजारून खडखडत गेला, आणि त्या ओरडल्या, “अरे हट!” आणि मग, वळण पार झाल्यावर, चक्क हसल्या. “काय मजा आहे गं यात!”

घाट संपला, रस्ता सरळ झाला. तेव्हा त्यांनी विचारलं, “का लपवलंस?”

मी बाटलीतून पाण्याचा एक घोट घेतला. “कॅन्सर झाला म्हटलं की लोक डबे आणतात, काकू. जाडी कमी करायला पोट कापलं म्हटलं की विचारतात, तोंड आवरता आलं नाही का? आणि डॉक्टर म्हणाल्या की वजनाने कॅन्सरला खतपाणी घातलं. मला वाटलं, हे कळलं तर तुम्ही म्हणाल, हिने स्वतःच केलं.”

काकूंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, लेन बदलली. सगळं बरोबर केलं. मग म्हणाल्या, “तुझ्या काकांना हार्टचा त्रास होता. अटॅक आला तेव्हा मी मनात म्हटलं होतं, एवढ्या सिगरेटी ओढल्यात, भोगा आता. शेवटपर्यंत सेवा केली, पण मनात ते होतंच. त्यांना कळत असणार.”   दोन्ही बाजूंना शेतं मागे पडत होती.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी त्यांना बरोबर घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि भरभर बोलल्या. काकूंना इथले उच्चार झेपत नाहीत.

“काय म्हणाली?”

“नाहीये म्हणाली.”

“काय नाहीये?”

“कॅन्सर. या नमुन्यात कुठेच नाहीये, काकू.”

काकू ताडकन उठल्या. मला वाटलं मला मिठी मारणार, पण त्या टेबलावर ओणवून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “मॅडम, टी? टी व्हेअर?”

काकूंनी अजून चहा सुरू केला नव्हता. मी म्हटलं, केमो नव्हतीच हे कळल्यावरही? तर म्हणाल्या, “सोडला तो तुझ्यासाठी, तुझ्या थापेसाठी नाही.” हॉस्पिटलच्या कॅफेत आम्ही कागदी कपात पिशवीचा चहा घेतला. काकूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “शी! यासाठी थांबले होते?” आणि सगळा प्यायल्या. मी तीन घोट घेतले आणि हसता हसता माझ्या नाकात गेला.

कॅन्सर दिसत नसला तरी गर्भाशय काढायचंच होतं, कारण तो परत येऊ शकतो, आणि आता शरीर तयार होतं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. तेव्हा माझं वजन सत्याऐंशी होतं. मान हलवणाऱ्या त्याच भूलतज्ज्ञ बाई मास्क लावताना म्हणाल्या, “मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर भेटू.” मी म्हटलं, मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले. दहा दिवसांनी फोन आला, काढलेल्या गर्भाशयातही काही सापडलं नाही, पुढचे उपचार नकोत. आम्ही तिघं स्वयंपाकघरात एकमेकांना धरून उड्या मारत होतो. टाक्यांमुळे मी फक्त टाचा उचलत होते.

सगळंच गोड झालं असं नाही. दंडाची कातडी लोंबते. जेवताना पाणी पिता येत नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, आणि दर काही महिन्यांनी तपासणीला घाट उतरायचा असतो, त्याच्या आदल्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसते. कधी कधी पुरणपोळीचा एक घास खाऊन ताट बाजूला सारताना मला चक्क विरह होतो, माणसाचा होतो तसा.

काकूंनी मार्चमध्ये टेस्ट दिली. पहिल्या खेपेला पार्किंगमध्ये नापास, दुसऱ्या खेपेला पास. आता त्या आठवड्यातून दोनदा मराठी बायकांना घेऊन भाजी आणायला जातात आणि त्यांच्या गाडीत बसलेल्या सगळ्या मला नंतर फोन करून सांगतात, की काकूंना जरा हळू चालवायला सांग.